टाकाऊतून आणखी टाकाऊ

'बेस्ट आउट ऑफ वेस्ट' ह्या चार शब्दांवर माझा राग आहे आणि आज तो एकदाचा लिहून काढणार आहे. नातेवाईक मंडळींपैकी निदान तिघीजणी हे वाचून दुखावल्या जाणार, त्यातल्या एकीचा तर फोन आजच येईल. येऊ दे. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, पोस्ट मोठी आहे.

आधी माझा ह्या विषयाशी संबंध काय ते सांगते. नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, नव्यांसाठी: मी भोसरीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात चौदा वर्षं काम करते आहे. तीन प्लाय, पाच प्लाय, सात प्लाय हेच माझं पोटपाणी. तुमच्या घरी जे खोकं येतं, ज्यावरची टेप तुम्ही नखांनी ओरबाडता, ते कशाचं बनतं आणि नंतर कुठे जातं हे मला रोज डोळ्यांसमोर दिसतं. त्यामुळे पुठ्ठ्याबद्दल कुणी गोड गोड बोलायला लागलं की मी जरा कान टवकारते.

तर शाळा. (कुठली ते विचारू नका, सगळ्याच.) ग्रुपवर फर्मान येतं: पर्यावरण सप्ताहानिमित्त 'टाकाऊतून टिकाऊ' प्रदर्शन. प्रत्येक विद्यार्थ्याने प्लॅस्टिकच्या सहा रिकाम्या बाटल्या, आइस्क्रीमच्या वीस काड्या, एक ग्लिटर शीट, दोन रंगांचा क्रेप कागद आणि ग्लू गन (पालकांच्या देखरेखीखाली) आणावी. वस्तू सुबक असावी. मुदत: सोमवार. फर्मान आलं शुक्रवारी संध्याकाळी.

आता हिशेब करा. वर्गात चौतीस मुलं. चौतीस सक दोनशे चार. ज्यांच्या घरी फिल्टरचं पाणी पितात त्यांच्याकडे शनिवार-रविवारात सहा रिकाम्या बाटल्या येणार कुठून? दुकानातून. आमच्या सोसायटीच्या समोरच्या दुकानदाराने मला हसत हसत सांगितलं की शाळांची प्रदर्शनं असली की अर्ध्या लिटरच्या बाटल्यांची खोकीच्या खोकी जातात. शेजारच्या वहिनींनी त्या आणून पाणी बादलीत ओतलं, त्यातलं थोडं झाडांना घातलं, उरलेल्याने गॅलरी धुतली. आइस्क्रीमच्या काड्या म्हणाल तर स्टेशनरीच्या दुकानात पन्नासाचा जुडगा मिळतो, कोऱ्या करकरीत, आइस्क्रीमशी आयुष्यात गाठ न पडलेल्या. म्हणजे ज्याला आपण टाकाऊ म्हणतोय ते सगळं नवं विकत आणलेलं, आणि त्यातून बनणार काय, तर पेन ठेवायचा मोर.

तो मोर टिकाऊ आहे का? प्रदर्शनाचे दोन दिवस. मग तो घरी येतो, टीव्हीच्या बाजूला बसतो, त्याची पिसं झडायला लागतात, आणि दिवाळीच्या आवराआवरीत आई म्हणते, आता टाकू का गं हा? इथपर्यंत तुम्ही म्हणाल, ठीक आहे, थोडा वेडेपणा, मुलांची हौस, एवढं काय चिडायचं. माझं चिडणं ह्याच्या पुढे सुरू होतं.

साधी पाण्याची बाटली घ्या. तिच्या बुडाला त्रिकोणात १ आकडा असतो, ते पीईटी. भंगारवाला जे प्लॅस्टिक आनंदाने घेतो त्यात हिचा नंबर बराच वर. तिचे तुकडे होतात, धुतले जातात. झाकणं वेगळ्या प्लॅस्टिकची असतात, ती पाण्यावर तरंगतात आणि पीईटी तळाशी बसतं, त्यामुळे धुता धुताच दोन्ही वेगळं होतं. (मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार मजा वाटली होती. इतकी सोपी युक्ती!) मग वितळवून धागा काढतात, त्याचं कापड होतं, उशांमध्ये भरायचा कापूस होतो. २०१५ च्या विश्वचषकात आपल्या क्रिकेट संघाच्या अंगावर जे कपडे होते ते असल्याच बाटल्यांपासून केलेले होते. आता ह्याच बाटलीला अॅक्रिलिकचा निळा रंग फासा, ग्लू गनने चमक्या चिकटवा, आत थोडी वाळू भरा, वर लोकरीची वेणी लावा. हिला भंगारात कोण घेणार? कुणी नाही. जी बाटली कपडा होऊ शकत होती ती आता थेट कचरा डेपोत. टाकाऊ नव्हतीच ती. आपण तिला टाकाऊ केली, तेही शाळेचे गुण मिळवून.

पुठ्ठ्याचं तर माझ्या घरचं दुखणं. आपल्याकडच्या खोक्यांचा बराचसा कागद जुन्या खोक्यांपासूनच बनतो. जुनं खोकं गिरणीत जातं, पाण्यात घुसळलं जातं, लगदा होतो, पुन्हा कागद. कागदाचे धागे प्रत्येक फेरीत आखूड होत जातात, पाच-सात फेऱ्यांनंतर त्यात दम राहत नाही, म्हणून चांगल्या लांब धाग्यांची रद्दी सतत लागते. ती इतकी लागते की आपला देश जहाजं भरभरून परदेशातून रद्दी विकत आणतो. वाचताय ना? रद्दी. विकत. जहाजाने.

आणि चिकटवायचं काय, हा भाग तर कुणाच्या ध्यानीमनी नसतो. खोक्याच्या दोन सपाट कागदांमध्ये जो नागमोडी कागद असतो तो आम्ही स्टार्चच्या खळीने चिकटवतो. खळ पाण्यात विरघळते, गिरणीला त्रास नाही. ग्लू गनचा गोंद आणि सेलोटेप विरघळत नाहीत. त्यांचे चिकट गोळे होतात, जाळीला चिकटतात, नव्या कागदावर डाग आणि भोकं पाडतात. आमच्याकडे येणाऱ्या रिळांत असा डाग दिसला की माझी आरडाओरड सुरू होते. तेव्हा कुणी मला हौसेने रंगवलेला, गोंदाने लडबडलेला, चमकी लावलेला पुठ्ठ्याचा टीव्ही दाखवला आणि 'बघ, तुझ्याच खोक्याचा!' म्हटलं की मी काय म्हणणार? छान आहे म्हणते. मुलांसमोर आणखी काय म्हणणार.

चमकीबद्दल जाता जाता. ती बहुतेक प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मची, अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेली असते, आणि फरशी पुसली की मोरीतून सरळ नदीत जाते. युरोपीय संघाने २०२३ च्या ऑक्टोबरात सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी घातली. आमच्याकडे ती पर्यावरण सप्ताहाच्या यादीत असते. आणि थर्माकोल! महाराष्ट्राने २०१८ च्या मार्चमध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली, केंद्राच्या १ जुलै २०२२ च्या बंदीतही सजावटीचा थर्माकोल आहे. मागच्या वर्षी आमच्या लेकीच्या प्रदर्शनात निम्म्या प्रकल्पांचा पाया थर्माकोलचा होता. एकावर तर 'सेव्ह अर्थ' असं थर्माकोलच्याच अक्षरांत लिहिलेलं.

आता मोठ्यांकडे वळते, कारण मुलं बिचारी हुकमाची ताबेदार.

आत्या, तुम्ही रागावू नका. तुमच्या बॉटल आर्टच्या क्लासबद्दल मला आदर आहे, निवृत्तीनंतर हात गुंतवून ठेवणं किती गरजेचं असतं ते मी जवळून पाहिलंय. तुमचा हात सुरेख आहे, एम-सीलची पानं तर तुमच्यासारखी कुणाला जमत नाहीत. माझं भांडण 'आपण पर्यावरणासाठी करतो' ह्या वाक्याशी आहे. बिअरची काचेची बाटली आपल्याकडे परत जाते, धुतली जाते, पुन्हा भरली जाते. भारतातल्या बिअर कंपन्या ह्या जुन्या बाटल्यांवर चालतात. म्हणजे ती मुळात टाकाऊ नव्हतीच, फेऱ्यांवर असलेली होती. तिला सुतळी गुंडाळली, आत एलईडीची माळ सोडली (चिनी, दोन महिन्यांत बंद पडणारी, वर बटण सेल) की तिच्या फेऱ्या संपल्या. हे कला म्हणून करा, छंद म्हणून करा, मला भेटही द्या, मी ठेवीन. फक्त ते वाचवणं आहे असं म्हणू नका.

(भाचा जर्मनीत आहे. तिथे बाटलीमागे २५ सेंट आधीच घेतात आणि रिकामी बाटली यंत्रात टाकली की परत देतात. त्याला विचारलं, तुमच्याकडे बाटल्यांचे मोर करतात का रे? म्हणाला, मामी, पैसे कोण रंगवतं?)

चिप्सच्या आणि बिस्किटांच्या चकचकीत पुड्यांची पर्स, हा आणखी एक लाडका प्रकार. इथे मात्र प्रकरण उलटं आहे, कारण हा पुडा खरोखरच कुणी घेत नाही. थरावर थर चिकटवलेले, वेगळे करता येत नाहीत, वजन नाही, भाव नाही. मग निदान ह्याची पर्स केलेली चांगली नाही का? पर्स चांगली असेल हो. पण एक गंमत बघा. २०१६ च्या केंद्राच्या नियमांत असं होतं की पुनर्वापर होऊ न शकणारी बहुस्तरीय प्लॅस्टिकची वेष्टणं दोन वर्षांत बंद करायची. दोन वर्षं झाली, २०१८ आलं, आणि नियमाची भाषा बदलली. आता बंद करायचं ते असं वेष्टण, ज्याचा पुनर्वापर होत नाही, किंवा ज्यातून ऊर्जा काढता येत नाही, किंवा ज्याला दुसरा काही उपयोगच नाही. 'दुसरा काही उपयोग'! भट्टीत जाळता आलं तरी सुटले. आपण घरोघरी बसून त्या पुड्यांचे दुसरे उपयोग शोधून दाखवतोय, आणि तिकडे पुडे छापायचे थांबायचं काही कारणच उरत नाही. कंपनीचं काम आपली मुलं रविवारी फुकट करतात आणि वर त्यांना प्रशस्तिपत्रक देतो आपण.

ह्या सगळ्यात जी बाई कुणालाच दिसत नाही तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढाव आणि त्यांच्या सोबतच्या कार्यकर्त्यांनी कचरा वेचणाऱ्या बायांना एकत्र आणलं, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. संघटनेच्या नावातच तीन वस्तू आहेत बघा, कागद, काच, पत्रा. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून ती महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करते. आमच्या इमारतीत येणाऱ्या मावशींना घरामागे ठरलेले पैसे मिळतात, आणि सुका कचरा वेगळा करून विकला की त्याचे पैसेही त्यांचे. म्हणजे तुमची बाटली, तुमचं खोकं ही त्यांची कमाई आहे. प्रदर्शन संपल्यावरच्या आठवड्यात मी मावशींना विचारलं, ह्या मोरांचं काय करता? त्यांनी एक मोर उचलला, उलटापालटा केला, झाकण फिरवून पाहिलं, ते गोंदाने बसलेलं होतं, आणि ओल्या कचऱ्याच्या बाजूच्या डब्यात टाकला. म्हणाल्या, "पोरांनी मेहनत केलीये ताई, पन ह्याचं काय येत न्हाई." शाळेने ह्या मावशींना एकदा वर्गात बोलावलं असतं, पाण्यात झाकण तरंगतं आणि बाटली बुडते एवढं एक मुलांना करून दाखवलं असतं, तर माझी काही तक्रार नव्हती. त्याला ग्लू गनही लागत नाही.

मग पॅकिंगच्या वस्तूंशी मुलांनी खेळूच नये का? खेळावं की! माझ्याइतकं खोक्यांशी कोण खेळलं असेल. आम्ही काडेपेट्यांना दोरा बांधून फोन केले, पाकिटांचे छाप जमवून त्यांवर जुगार म्हणावा असे खेळ खेळलो, डालड्याच्या डब्यात तुळस वाढली, साखरेच्या पोत्याचं पायपुसणं झालं. पण त्याला कुणी 'प्रकल्प' म्हणत नव्हतं आणि ते सुबक असावं अशी अट नव्हती.

आणि ह्याच पुण्यात अरविंद गुप्तांनी हे काम किती उंचीवर नेलं ते माहीत असताना शाळांनी मोर करावेत ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. आयआयटी कानपूरला शिकलेला, टेल्कोत नोकरी करणारा हा माणूस १९७८ मध्ये वर्षाची रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कार्यक्रमात गेला. तिथे सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे ती बारीक काळी रबरी नळी, तिचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या, एवढ्यातून त्यांनी आकृत्या जोडायचा खेळ काढला. काड्यांचा चौकोन केला की तो दाबल्यावर कलंडतो, त्रिकोण हलत नाही. बस. पूल का तसे बांधतात ते आठ वर्षांच्या पोराला कळलं. खेळून झालं की काड्या काढा, नळ्या काढा, पुन्हा दुसरं काही करा. पुढे आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं अशी खेळणी केली, त्यांची पुस्तकं आणि फिल्म्स मराठीतसुद्धा फुकट ठेवली, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी दिसायला काही खास नसतात. ती फिरतात, वाजतात, उडतात, आणि का फिरतात हे मुलाला कळतं. आमचा मोर नुसता बसतो.

त्याच्याही आधी, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या तेव्हा महागडं साधन विकत आणणं शक्यच नव्हतं आणि त्यांना ते नकोही होतं. शिंपले, खडे, बिया, पानं ह्यांवर मुलं मोजायला, लावायला, ओळखायला शिकली. वस्तू जिथून आली तिथे परत गेली. ह्याला मी टाकाऊतून टिकाऊ म्हणेन, कारण त्यात जे टिकलं ते मुलाच्या डोक्यात टिकलं.

ह्यावर मला दोन उत्तरं नेहमी मिळतात. पहिलं: निदान जाणीव तर होते! कसली जाणीव? बाटली विकत घेतली, पाणी ओतून दिलं, रंगवली, टाळ्या मिळाल्या. मुलाला जाणीव झाली ती ही की कचरा ही सजवून सोडवायची गोष्ट आहे. कमी आणावं, परत द्यावं, वेगळं ठेवावं हे त्या तीन दिवसांत कुठेच आलं नाही. दुसरं उत्तर: मुलांची कल्पकता वाढते. इथे मी हसते. प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालेला पवनचक्कीचा देखावा कुणी केला ते सगळ्या पालकांना ठाऊक होतं, त्या बाबांची इंटिरियर डिझायनिंगची फर्म आहे. आमच्या चिरंजीवीने शाईच्या डब्याला भोकं पाडून, दोन झाकणं आणि उदबत्तीची काडी घालून एक गाडी केली होती. तिरकी चालायची, भिंतीवर आपटायची. तिने तिचं नाव 'शिंगरू' ठेवलं होतं. बाईंनी वहीत शेरा दिला, "अधिक नीटनेटके हवे. पालकांनी लक्ष द्यावे." तिने मला विचारलं, "आई, तू का नाही लक्ष दिलंस?" मी लक्ष दिलंच होतं. दोन तास शेजारी बसून, हात न लावता. माझ्या मते त्या अख्ख्या हॉलमध्ये तेवढी एकच वस्तू होती जी कुणीतरी स्वतः विचार करून केली होती. आणि मुलीला काय कळलं, तर आपल्या हातचं चालत नाही, मोठ्यांच्या हातचं चालतं. कचऱ्यापेक्षा हे मला जास्त लागलं, खरं सांगते. बाईंना मी पत्र लिहिलंय, विनयाने लिहिलंय, उत्तर अजून नाही. शिंगराची भोकं आम्ही नंतर मोठी करून सरळ केली, आता ते सरळ आपटतं.

दिवाळीचा किल्ला मात्र माझ्याकडून सगळ्यांना माफ आहे. खोकी, विटा, वर चिखलात भिजवलेलं पोतं, त्यावर हळीव नाहीतर मोहरी. आता कुणी हुशार म्हणेल, मातीत माखलेला पुठ्ठाही रद्दीत जात नाहीच की. बरोबर. तो कुंडीत जातो. टेप आणि पिना काढल्या की साध्या पुठ्ठ्याचं खत होतं, माझ्या गॅलरीतला कढीपत्ता त्यावरच पोसलाय. आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला विकत आणून अंगणात मांडणाऱ्यांशी माझं वेगळं भांडण आहे, ते पुन्हा केव्हातरी.

तर ज्यांना किल्ल्यासाठी खोकी हवीत त्यांनी दसऱ्याच्या आत मला सांगा. आमच्याकडे छपाई चुकलेली पाच प्लायची असतात, बुरूज चांगले उभे राहतात, पण ती पटकन संपतात. कतरणही मिळेल, तटबंदीच्या चऱ्यांना बरी पडते. घेऊन जायला पिशवी आपली आणा.